घन समीकरण सोडवायला कार्डानोचं सूत्र की व्हिएतची कोसाइनची रीत?

क्ष³ = १५क्ष + ४ घ्या. इटालियन गणिती कार्डानोने १५४५ मध्ये छापलेलं सूत्र लावलं की हाती येते (२ + √−१२१) आणि (२ − √−१२१) यांच्या घनमुळांची बेरीज. उत्तर मात्र साधं ४! ही घनमुळं २ ± √−१ आहेत, हे त्याच्याच देशातल्या बॉम्बेल्ली या गणितीने १५७२ मध्ये दाखवलं. बीजगणितातली इतकी देखणी जागा मला दुसरी माहीत नाही.

फ्रेंच गणिती व्हिएतच्या रीतीत क्ष = २√५ × कोसाइन अ धरायचं; अ हा एक कोन. हे समीकरणात घातलं की कोसाइन ३अ = २/(५√५) मिळतं; त्यावरून ३अ येतो सुमारे ७९.७°, अ २६.५७°, क्ष ४. अ या कोनात १२०° मिळवत गेलं की −३.७३२ आणि −०.२६८ ही उरलेली मुळंही मिळतात. ऋण संख्येचं वर्गमूळ कुठेच नाही.

तिन्ही मुळं वास्तव (ज्यांत ऋण संख्येचं वर्गमूळ येत नाही अशी) आणि वेगवेगळी असतील तर मी डोळे झाकून व्हिएतकडे जाईन. क्ष³ + ६क्ष = २० सारखं एकच वास्तव मूळ असेल, तर कार्डानोच सरळ.