‘कमांड नॉट फाउंड’: पाथ सुधारावा, पॅकेज घालावं की सिस्टमच नवी?

फोंड्यात-म्हापशात घरच्या जुन्या पीसीवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) घालून जत्रेचे फोटो नि भजनांची रेकॉर्डिंग ठेवणाऱ्यांना टर्मिनलमध्ये ‘कमांड नॉट फाउंड’, म्हणजे कमांड सापडली नाही, हा मेसेज आज ना उद्या दिसतोच. तो दिसला की लगेच इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह शोधायला धावू नका. बहुतेक वेळा कमांड जागेवरच असते.

आधी ‘युएसआर’मधल्या ‘एसबिन’ या फोल्डरचा (सिस्टम सांभाळायच्या कमांड तिथे असतात) पूर्ण पत्ता देऊन ती चालवून बघा. चालली, तर दोष फक्त पाथचा, म्हणजे कमांड ज्या फोल्डरांत शोधली जाते त्या यादीचा. २०१९च्या डेबियन १० पासून नुसतं ‘सू’ (युजर बदलायची कमांड) करून रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, झालात तरी पाथ साध्या युजरचाच राहतो आणि त्यात एसबिन नसतं. त्यामुळे युजरमॉड, एफडिस्क, रीबूट सगळेच गायब वाटतात. ‘सू’पुढे जागा सोडून एक डॅश द्या, झालं. एलएस, सीपी या रोजच्या कमांडसुद्धा सापडत नसतील तर ‘बॅशआरसी’ ही टर्मिनलच्या सेटिंगची फाइल उघडा. नवा पाथ लिहिताना जुना जोडायचा राहिलेला असतो. मात्र चालू टर्मिनल तेवढं बंद करू नका. फाइल बदलायचा एडिटर नॅनोही पूर्ण पत्त्यानेच उघडावा लागेल. या उपायात डेटाला धोका शून्य.

पूर्ण पत्त्यावरही काही नसेल तर पॅकेजकडे वळा. नेटवर्कची माहिती दाखवणारं इफकॉन्फिग डेबियन ९ पासून आपोआप येत नाही. ते नेट-टूल्स या पॅकेजमध्ये आहे. पण मी म्हणेन, ते घालण्यापेक्षा त्याच कामाची नवी कमांड ‘आयपी’ शिका. सुडोचं (साध्या युजरला रूटची कामं करू देणारी कमांड) वेगळं: इन्स्टॉल करताना रूटला पासवर्ड दिलात तर तुमच्या युजरला सुडो मिळत नाही. रूट होऊन एप्टने (पॅकेज घालायची कमांड) घाला, युजरला सुडो ग्रुपमध्ये टाका, मग लॉगआउट करून परत या.

नवी सिस्टम शेवटी. पावसात वीज दहादा जाते-येते, यूपीएस नसला की फाइली खराब व्हायला वेळ लागत नाही. डीपीकेजीला (पॅकेजेस सांभाळणारी कमांड) ‘व्हेरिफाय’ करायला सांगा, बदललेल्या फाइलींची यादी मिळेल. बदललेल्या फाइली दोन-चारच असतील (सेटिंगच्या फाइली सोडून) तर तेवढी पॅकेजेस री-इन्स्टॉल करून भागतं. यादी लांबतच गेली तर नव्याने घालणंच स्वस्त. डीमेसेजमध्ये (सिस्टमच्या गाभ्याचे संदेश दाखवणारी कमांड) डिस्कच्या आय-ओ, म्हणजे वाचण्या-लिहिण्याच्या, एरर दिसल्या तर त्याच डिस्कवर पुन्हा मेहनत कशाला? आधी फोटो बाहेर काढा, मग नवी डिस्क घ्या.

एसएसएच (दुरून पीसीत शिरायची सोय) नुसत्या पासवर्डवर इंटरनेटला उघडं ठेवलं असेल आणि फाइली कशा बदलल्या ते कळत नसेल, तर कोणी आत शिरलं असू शकतं; व्हेरिफायवरही विसंबू नका. नेटवर्कची केबल काढा आणि सरळ इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह शोधा.