आरसेप की सीपीटीपीपी? भारतासाठी दोन करार शेजारी ठेवून पाहताना

मोठ्या प्रादेशिक व्यापार करारात भारताने जावे का, यावर मत ठरवत असाल तर आयातशुल्काच्या टक्क्यांपासून सुरुवात करू नका. माल कुठल्या देशाचा हे ठरवणारे नियम, तंट्याची कलमे आणि नव्या सभासदाला आत घेण्याची पद्धत आधी वाचा. बड्या देशांची रस्सीखेच खरी तिथे दिसते.

आरसेप म्हणजे प्रादेशिक सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी हा मुक्त व्यापार करार. त्यात आसियान या आग्नेय आशियाई गटाचे १० देश, चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आहेत. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारत वाटाघाटींतून बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२२ पासून करार लागू झाला. सीपीटीपीपी हा मुळात पॅसिफिक महासागराभोवतालच्या देशांचा व्यापार करार, त्याचा जन्म वेगळा. २०१७ मध्ये अमेरिकेने आधीच्या टीपीपी करारातून अंग काढून घेतल्यावर उरलेल्या ११ देशांनी २२ तरतुदी स्थगित ठेवून तो उभा केला. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटन त्यात आला.

आरसेपचे दार भारतासाठी पहिल्या दिवसापासून उघडे होते, इतरांना १८ महिने थांबायचे होते. सीपीटीपीपीत सर्व सभासदांचे एकमत लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये चीनने अर्ज केला आणि सहाच दिवसांनी तैवाननेही. तेव्हापासून कुणाला घ्यायचे हा प्रश्न निव्वळ व्यापाराचा उरलेला नाही.

आता मालाच्या मूळ देशाचा नियम. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. आरसेपमध्ये बऱ्याच वस्तूंना साधारण ४० टक्के मूल्य करारातल्या देशांत तयार झालेले चालते. चीन आतच असल्याने चिनी सुटे भागही त्यात मोजले जातात. मोबाइल जोडणाऱ्या कारखान्याला हे सोयीचे, सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगाला घातक. सीपीटीपीपीत कपड्यांसाठी बहुतांशी सुतापासून पुढचे सारे काम सभासद देशांत व्हावे लागते. चिनी कापडावर शिवणाऱ्या व्हिएतनामला तो नियम जाचतो. आपल्याकडे मात्र विदर्भातल्या कापसापासून इचलकरंजीच्या मागापर्यंत अख्खी साखळी आहे! या मुद्द्याची चर्चा फारच कमी होते, याचे मला वाईट वाटते.

पण त्याची किंमतही आहे. सीपीटीपीपीत कामगार हक्क, पर्यावरण, सरकारी कंपन्या आणि डेटाची देवाणघेवाण यांवर बंधनकारक प्रकरणे आहेत आणि त्यांवर तंटा होऊ शकतो. आरसेपमध्ये कामगार आणि पर्यावरणावर प्रकरणेच नाहीत, ई-कॉमर्स तंट्याच्या कक्षेबाहेर आहे. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प असल्याने करारातल्या लवादांचे वजन वाढले आहे.

दुधाचा प्रश्न या निवडीत मदत करत नाही, कारण न्यूझीलंड दोन्हीकडे आहे. दोन-चार गाई-म्हशींवर घर चालवणाऱ्यांची स्वस्त परदेशी दुधाबद्दलची २०१९ मधली भीती रास्त होती. द्विपक्षीय करारात दूध बाहेर ठेवता येते. २०२२ च्या ऑस्ट्रेलिया करारात भारताने ते ठेवलेही. गॅट या जागतिक व्यापाराच्या मूळ कराराचे कलम २४ मुक्त व्यापार करारात 'जवळजवळ सर्व व्यापार' यावा म्हणते, पण नेमके किती टक्के हे कधीच ठरलेले नाही. त्याच फटीतून अशी सूट निघते.

आसियान, जपान, कोरिया आणि ऑस्ट्रेलियाशी भारताचे करार आधीच आहेत. म्हणजे आरसेपमध्ये नव्याने मिळते ते मुख्यतः चीनशी शुल्कसवलतींचे नाते. जून २०२० च्या गलवाननंतर ते नाते पुरवठासाखळीत मुरू द्यावे, असे मला वाटत नाही. सहा महिन्यांच्या नोटिशीवर करार सोडता येतो, बंद पडलेले कारखाने मात्र सहा महिन्यांत उभे राहत नाहीत.

एकच निवडायचा तर मी सीपीटीपीपी निवडेन, मात्र आज नाही. २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या ब्रिटनसोबतच्या करारात कामगार आणि पर्यावरणावर स्वतंत्र प्रकरणे भारताने मान्य केली आहेत. ती आपण प्रत्यक्षात कशी पाळतो, ते आधी पाहू.