स्वयंचलित इन्सुलिन पंप आणि व्यायाम : काही महिन्यांच्या वापरानंतर

रात्रीची शुगर या पंपाने जशी सांभाळली, तशी मला इंजेक्शनांवर असताना कधीच सांभाळता आली नव्हती. पंपाची स्तुती इथेच संपते. उरलेला मजकूर त्याच्या व्यायामाच्या मोडविषयी आहे.

हा मोड सुरू केला की पंपाने गाठायचे शुगरचे टार्गेट 150 मिग्रॅपर्यंत (प्रति डेसिलिटर) चढते आणि पंप इन्सुलिन देताना हात आखडता घेतो. मात्र धावायला निघण्याच्या एक ते दोन तास आधीच तो सुरू करावा लागतो आणि त्यासाठी वेळ लावून ठेवण्याची सोय पंपात नाही! ज्या यंत्राला दर पाच मिनिटांनी शुगर वाचता येते, त्याला उद्या सहा वाजता टार्गेट बदलायला सांगता येऊ नये, हे मला अजूनही पटलेले नाही. मदतकेंद्राने पुस्तिकेचे पान वाचून दाखवले. ते पान मला पाठ होते.

सुरुवातीला मी इन्सुलिन किती द्यायचे ते ठरवणाऱ्या पंपाच्या अल्गोरिदमला मठ्ठ म्हणत असे. आता तसे म्हणणार नाही. त्वचेखाली गेलेले इन्सुलिन तीन-चार तास काम करत राहते आणि कोणताही पंप ते परत ओढून घेऊ शकत नाही. शिवाय पंपाला शुगर कळवणारा, अंगावर चिकटवलेला सेन्सर रक्तातली नव्हे, तर त्वचेखालच्या द्रवातली शुगर मोजतो, त्यामुळे धावताना त्याचा आकडा काही मिनिटे मागेच असतो. ऐनवेळी बेसल (सतत थोडे थोडे जाणारे इन्सुलिन) बंद करून हायपो (शुगर फार खाली जाणे) टळत नाही तो यामुळेच. व्यायामाच्या अर्धा तास आधी काही गोड खाण्याची इंजेक्शनांच्या काळातली सवयही इथे उलटते, कारण शुगर चढताना दिसताच पंप इन्सुलिन वाढवतो. आता गरज वाटल्यास अगदी निघताना 10 ते 15 ग्रॅम कार्ब (कर्बोदके) घेतो आणि निघण्याआधीच्या दोन तासांत जेवायचे असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याचा बोलस (जेवणासाठीचा इन्सुलिनचा डोस) साधारण पाव हिश्शाने कमी करतो.

वजने उचलण्याचा प्रकार मात्र निराळा. ॲड्रेनलिनमुळे शुगर वर जाते, मोड बंद असल्यास पंप करेक्शन (शुगर उतरवण्यासाठी जादा इन्सुलिन) देतो आणि तासाभराने आकडा घसरतो. म्हणून त्या दिवशीही मोड चालूच ठेवतो आणि वर गेलेला आकडा निमूटपणे पाहतो.

घामाने सेन्सर सुटतो आणि मुदत शिल्लक असलेला सेन्सर फेकताना जीव तुटतो; वरून जादा टेप लावल्यापासून ते कमी झाले.

ज्यांची व्यायामाची वेळ ठरलेली आहे, त्यांनी फोनचा गजर लावून हा पंप खुशाल वापरावा. आयत्या वेळी खेळायला निघणाऱ्यांना या मोडचा फारसा उपयोग नाही. त्यांची भिस्त खिशातल्या ग्लुकोजवरच राहील.