बॅटरी बदलण्याआधी: घरचा मल्टिमीटर, ऑटो इलेक्ट्रिशियन की सर्व्हिस सेंटर?

सकाळी गाडीने सेल्फ घेतला नाही की पहिला संशय बॅटरीवर जातो, आणि पारा चाळिशीपार गेलेल्या इंदूरच्या मे महिन्यात तो पुष्कळदा खराही ठरतो, कारण उन्हाळा बॅटरीचे आयुष्य थंडीपेक्षा अधिक खातो. मात्र बॅटरी मुळात जुनी झाली आहे, अल्टरनेटर (मिस्त्री ज्याला अजूनही डायनेमो म्हणतात) तिला भरत नाही, की उभ्या गाडीत कुठेतरी करंट झिरपतो आहे, हे ठरल्याशिवाय नवी बॅटरी घेणे म्हणजे जुगार होय.

सर्वांत स्वस्त मार्ग घरच्या मल्टिमीटरचा आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी किंवा तिची जोडणी संशयास्पद समजावी. इंजिन चालू झाल्यावर तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यावा आणि हेडलाइट, पंखा व एसी लावूनही फारसा घसरू नये. तो १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचा व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बिघडला आहे, आणि तशा स्थितीत बसवलेली नवी बॅटरीही लवकरच उकळून खराब होईल.

याच मीटरची एक चाचणी मात्र सहसा कोणी करत नाही. रामबागेत राहणाऱ्या माझ्या मामेभावाने दुकानदाराच्या सांगण्यावरून नवी बॅटरी घेतली आणि तीन आठवड्यांत गाडी पुन्हा बंद पडली. दोष अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक गाडीच्या धातूला जोडणाऱ्या, गंजलेल्या पट्टीत होता. इंजिन चालू ठेवून, सगळे दिवे लावून, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी अल्टरनेटरच्या धातूच्या अंगावर टेकवली असती, तर ०.२ व्होल्टपेक्षा मोठा फरक दिसून हे दोन मिनिटांत उघड झाले असते. पॉझिटिव्ह बाजूची तारही अशीच तपासता येते. बॅटरीच्या दुकानातील फुकट तपासणीत सहसा फक्त बॅटरी तपासली जाते, आणि तिथे विकायलाही बॅटरीच असते.

ज्यांना मीटर हाताळायचा नाही, किंवा ज्यांच्या मीटरने दोष अल्टरनेटरकडे दाखवला आहे, त्यांनी जुन्या गाडीसाठी अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच जावे, असे माझे मत आहे. तो लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून ती तपासणारे यंत्र) लावतो, बेअरिंगचा आवाज कानाने ओळखतो आणि अल्टरनेटर उघडून केवळ झिजलेले कार्बन ब्रश किंवा डायोड प्लेट बदलून देऊ शकतो, म्हणजे संपूर्ण नग घ्यावा लागत नाही. परंतु चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून ‘बघा, गाडी चालते, म्हणजे डायनेमो ठीक आहे’ असे दाखवणाऱ्याकडून गाडी परत आणावी. जुन्या डिझेल जीपला ही रीत चालून जात असे. आजच्या गाडीत त्या क्षणी उसळणारा व्होल्टेज ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) जाळू शकतो.

सर्व्हिस सेंटर महाग पडते आणि तिथे दुरुस्तीऐवजी संपूर्ण अल्टरनेटर बदलण्याकडे कल असतो. तरीही एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांबाबत मी त्यालाच झुकते माप देईन. यांपैकी अनेक गाड्यांत चार्जिंग ईसीयूच्या ताब्यात असते. बॅटरी भरलेली असेल तर तो अल्टरनेटरचा भार मुद्दाम कमी करतो, आणि मीटरवरील १२.८ चा आकडा पाहून चांगला अल्टरनेटर बाद ठरवला जाण्याची भीती असते. तिथे स्कॅनरशिवाय खात्रीचे निदान होणे कठीण.

निदान होईपर्यंत उज्जैनसारखा सुमारे ५५ किलोमीटरचा प्रवासही टाळावा. वाटेत बॅटरीचा लाल दिवा लागलाच तर एसी बंद करावा, इंजिन मात्र बंद न करता जवळचे गॅरेज गाठावे. पण दिव्यासोबत तापमानाचा काटाही चढू लागला, तर बहुधा अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटला आहे आणि अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. तेव्हा गाडी तिथेच बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे.