‘प्रेसवाला थांबला हाये, ओपन फाईल धाडा’

हिंगणघाट, समुद्रपूर, वरोरा या पट्ट्यात राहून फ्रीलान्स डिझाइन करणाऱ्या पोरापोरींनी हे नीट वाचावं. मोठ्या कंपन्यांची कामं आपल्यापर्यंत येत नाहीत, म्हणून सरावासाठी आपण मनानेच एखादा ब्रँड उभा करतो आणि त्याचं लेबल, पाकीट बिहान्स या डिझाइन दाखवायच्या वेबसाइटवर, इन्स्टाग्रामवर टाकतो. काम मिळवायचा हा चांगला मार्ग आहे, मी तो सोडणार नाही. पण या सरावाच्या कामांवर डोळा ठेवणारे लोकही आहेत.

मी वायगाव हळदीचं पाकीट केलं होतं. समुद्रपूर तालुक्यातल्या या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तरी आमच्या बाजारात मी ती साध्या पिशवीत बांधलेलीच पाहत आलो. हळकुंड शाईने रेखाटलं, ‘वायगाव’ ही अक्षरं हाताने घडवली. पाठीमागे वजन, बॅच, पत्ता यांच्या जागा भरल्या. एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण. त्याचा परवाना क्रमांक १४ अंकी असतो, तिथे एकापासून ओळीने नमुन्याचे अंक टाकले.

ते पाहून एका मसाला व्यापाऱ्याचा फोन आला. ‘भाऊ, असं पाकीट आपल्याकडे कोनीच नाही केलं. आता सगळ्या मालाचं काम तुमच्याकडेच.’ मिरची, धने, गरम मसाला अशी यादी आली, रक्कम ठरली, अ‍ॅडव्हान्स सोमवारी देतो म्हणाला. आणि त्याआधीच एका संध्याकाळी घाई सुरू झाली: ‘नागपूरचा प्रेसवाला थांबला हाये, रेट काढाले कोरलची ओपन फाईल मागते. लवकर धाडा.’ ओपन फाईल म्हणजे कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली मूळ फाईल, तिच्यात अक्षरं, चित्र सगळं बदलता येतं. ती गेली. सोमवारी फोन लागेना, व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक.

पुढे एका मित्राने आठवडी बाजारातून पाकिटाचा फोटो पाठवला. अक्षरं माझी, हळकुंड माझं, आणि पाठीमागे तेच नमुन्याचे १४ अंक, जसेच्या तसे. पाकीट मागवून वायगावात हळद पिकवणाऱ्या एका काकांना दाखवलं. त्यांनी चिमूटभर हातावर घेतली, वास घेतला नि म्हणाले, ‘हे आपली हळद नोहे, बापू.’ माझे पैसे बुडाले त्यापेक्षा हे जास्त लागलं. माझी अक्षरं वाचून कुणीतरी भलतीच हळद घरी नेत होतं, आणि ज्यांनी हे नाव कमावलं त्या शेतकऱ्यांच्या पोटावर पाय येत होता.

म्हणून सांगतो, रेट काढायला ओपन फाईल लागत नाही. पाकिटाचं माप, रंग किती, पाऊच किंवा स्टिकर कशाचा, नग किती, एवढ्यावर कोणताही प्रेसवाला भाव सांगतो. फारच झालं तर चित्रावर आपलं नाव आडवं टाकलेला कमी रिझोल्यूशनचा जेपीजी द्या. पूर्ण पैसे जमा झाल्यावर अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्टऐवजी आकारात बदललेली, पीडीएफ द्या. ओपन फाईल हवी असेल तर तिचे पैसे वेगळे. सरावाच्या कामात परवाना क्रमांकाच्या जागी अंक न टाकता ‘नमुना’ असं लिहा.

वकिलामार्फत नोटीस पाठवली, तर उत्तर आलं की फाईल तुम्हीच दिली, म्हणजे डिझाइन आमचं. हे साफ खोटं आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. फाईल पाठवल्याने तो जात नाही. काम घडलं की कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. कच्ची रेखाटनं, मूळ फाईल, पोस्टची तारीख, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, सगळं जपून ठेवा. जाणूनबुजून केलेल्या चोरीला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. नावाचा गैरवापर हा भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याचा वेगळा विषय. त्यासाठी मी वायगावच्या शेतकऱ्यांना पाकिटाचे फोटो दिले आहेत.

वर्धा, चंद्रपूरच्या बाजारात हाताने लिहिलेल्या ‘वायगाव’ अक्षरांचं, ओळीने अंक असलेलं हे पाकीट दिसलं तर घेऊ नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, दुकानदाराकडून बिल मागा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.