तूप घरी कढवावे की विकत आणावे?

वरणभातावरची तुपाची धार आखडती घेऊन बचत करावी, असे मराठी घरात सहसा कोणाच्या मनात येत नाही. बचतीचा विचार सुरू होतो तो हे तूप आणायचे कोठून, या प्रश्नापाशी. रोजची साय साठवून, विरजून, घुसळून ते घरीच कढवायचे, की महिन्याच्या वाणसामानात एक डबा वाढवायचा? घरी करणारे सांगतात की तूप फुकट पडते, आणि विकत घेणारे विचारतात की एवढा खटाटोप करून हाती येते तरी किती. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे, कारण या निर्णयाचा खरा हिशेब तुपाच्या डब्यावर नसून घरात रोज येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर छापलेला असतो.

आधी दूध पाहावे

अन्नसुरक्षेच्या मानकांनुसार फुल क्रीम दुधात किमान 6 टक्के, स्टँडर्डाइज्ड दुधात 4.5 टक्के, टोन्ड दुधात 3 टक्के आणि डबल टोन्ड दुधात 1.5 टक्के स्निग्धांश असावा लागतो. म्हणजे फुल क्रीमच्या एका लिटरमध्ये सुमारे 60 ग्रॅम स्निग्धांश असतो. दूध तापवून, निववून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले तरी तो सगळा सायीत येत नाही. तिसरा हिस्सा ते निम्मा आला तर चांगले, असा घरगुती अंदाज धरावा. रोज एक लिटर फुल क्रीम दूध घेणाऱ्या घरात या हिशेबाने महिन्याला सहाशे ते नऊशे ग्रॅम तूप निघू शकते.

आता वजाबाकी करू. फुल क्रीम आणि टोन्ड दुधाच्या दरांत लिटरमागे 12 रुपयांचा फरक आणि तुपाचा दर किलोला 650 रुपये धरला, तर महिनाभर टोन्डऐवजी फुल क्रीम घेण्याचा वाढीव खर्च 360 रुपये होतो, आणि सहाशे ग्रॅम तुपाची किंमत होते 390 रुपये. शिल्लक तीस रुपये, तीही गॅस आणि मेहनत न मोजता. साय चांगली धरली आणि नऊशे ग्रॅम तूप निघाले, तर शिल्लक सव्वादोनशेपर्यंत जाते. आपल्या गावचे दर घालून प्रत्येकाने हा हिशेब स्वतः मांडावा. आकडे थोडे बदलतील, पण निष्कर्ष फारसा बदलणार नाही. केवळ तुपासाठी म्हणून महाग दूध सुरू करणे ही बचत नव्हे, फार तर बरोबरी आहे. उलट मुलांसाठी, चहासाठी किंवा घट्ट दह्यासाठी फुल क्रीम दूध घरात येतच असेल, तर त्यावरची साय चहाच्या गाळण्यात घालवण्यापेक्षा तिचे तूप करणे केव्हाही शहाणपणाचे, आणि तेथे ते खरोखरच जवळजवळ फुकट पडते. साय काढल्यावर उरलेल्या दुधात टोन्ड दुधाइतका स्निग्धांश राहतोच, त्यामुळे दूध पाणचट झाल्याची तक्रारही सहसा येत नाही.

गाईच्या दुधाचे गणित वेगळे आहे. पिशवीतल्या गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण साडेतीन टक्के असतो, आणि पुष्कळदा ते होमोजिनाइज्ड केलेले असते. या प्रक्रियेत दुधातले स्निग्धांशाचे कण दाबाने इतके बारीक केले जातात की ते वर येऊन साय धरतच नाहीत. पिशवीवर हा शब्द छापलेला असेल, तर त्या दुधाच्या तुपाचा विचार सोडून द्यावा आणि निःशंकपणे डबा आणावा. खोक्यातल्या यूएचटी, म्हणजे अतिउच्च तापमानाला तापवून बंद केलेल्या दुधालाही हेच लागू पडते. याउलट कोल्हापूर-सांगलीकडे किंवा शहराबाहेरच्या गोठ्यावरून म्हशीच्या दुधाचा रतीब येत असेल, तर साय जाड भाकरीसारखी उचलून घेता येते. अशा घराने तूप विकत आणणे मला उधळपट्टी वाटते.

मेहनत किती, आणि कोठे बिघडते

घरच्या तुपाची खरी किंमत पैशात नसून लक्षात ठेवण्यात आहे. साय रोज काढायची, एकाच भांड्यात साठवायची, ते भांडे फ्रिजमध्ये नव्हे तर फ्रीझरमध्ये ठेवायचे (घरात मांजर असेल तर काढलेली साय ओट्यावर क्षणभरही उघडी ठेवायची नाही), आणि आठ-दहा दिवसांनी ती बाहेर काढून, कोमटसर करून तिला विरजण लावायचे. नुसत्या फ्रिजमध्ये साय बरेच दिवस राहिली, तर तिच्यातला स्निग्धांश हळूहळू विघटित होऊन तिला कडसर वास येतो. हा वास पुढे कितीही कढवले तरी पूर्ण जात नाही. घरच्या तुपाला वास येतो म्हणून ते सोडून देणाऱ्यांपैकी अनेकांच्या अडचणीचे मूळ कढईत नसून या भांड्यात असते.

विरजलेली साय गार असतानाच घुसळावी लागते. उन्हाळ्यात बर्फाचे पाणी घातल्याशिवाय लोणी गोळा होत नाही, ते मऊ होऊन ताकातच पसरते. रवीने घुसळले तर हात दुखतात पण अंदाज राहतो. मिक्सरमध्ये थोडे थोडे फिरवून थांबले तर दोन-चार मिनिटांत काम होते. लोण्याचा गोळा वर आला की तो दोन-तीन पाण्यांतून, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवावा, कारण लोण्यात राहिलेला ताकाचा अंश कढवताना तळाशी लागतो आणि करपतो.

कढवण्याच्या कामात कानाचा उपयोग डोळ्यांइतकाच होतो. जाड बुडाच्या भांड्यात, मंद आचेवर लोणी वितळते, वर पांढरा फेस येतो आणि पाण्याचा अंश उडत असताना सारखी तडतड चालू राहते. तडतड मंदावली म्हणजे पाणी संपत आले. मग मोठे बुडबुडे जाऊन बारीक फेस येतो, तळ दिसू लागतो आणि तेथे बेरी सोनेरी होत असते. ती बदामी होण्याच्या जरा आधी गॅस बंद करावा, कारण भांड्याच्या उष्णतेने ती पुढेही होतच राहते. काही घरांत या वेळी विड्याचे पान किंवा चिमूटभर मीठ टाकतात. एवढे सगळे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे, पण त्या वेळात ओटा सोडून जाता येत नाही. नंतर तुपकट भांडी आणि मिक्सरचे झाकण घासावे लागते ते वेगळेच. घरात एकच माणूस कमावणारे आणि तेच स्वयंपाक करणारे असेल, तर महिन्यातून तीन-चार वेळा हे करणे जिवावर येते, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे.

या मेहनतीच्या बदल्यात मात्र तुपाबरोबर आणखी दोन गोष्टी हाती येतात, आणि त्या कोणी हिशेबात धरत नाही. एक म्हणजे तांब्या-दोन तांबे ताक, ज्याची कढी किंवा मठ्ठा होतो, आणि जे पिशवीत विकत घेतले तर पैसे मोजावे लागतात. दुसरी बेरी. दुधातली प्रथिने आणि साखर तुपात भाजून तयार झालेला हा तपकिरी गाळ साखर घालून गरम पोळीबरोबर खावा, थालीपिठाच्या पिठात मळावा किंवा कणकेच्या लाडवांत घालावा. तूप काढून घेतलेल्या भांड्यात गरम भात कालवून खाण्याचा हक्क कोणाचा, यावरून भावंडांत भांडणे होतात. विकतच्या डब्यात हे काही नसते. माझ्या मते घरच्या तुपाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा पैशांच्या बचतीपेक्षा हा आहे.

चव, रंग आणि विश्वास

घरच्या तुपाचा वास वेगळा लागतो तो विरजणामुळे. साय आंबताना जे सुगंधी घटक तयार होतात, ते कढवल्यावर तुपात उतरतात. मोठ्या डेअऱ्यांत बहुधा क्रीम किंवा त्याचे लोणी थेट तापवून तूप करतात. त्यामुळे ते स्वच्छ, एकसारखे आणि वासाला सौम्य असते. पुरणपोळीवर किंवा गरम मेतकूट-भातावर घरचे तूप सरस ठरते, हे माझे ठाम मत आहे. पण बेसन भाजायला, शिरा करायला किंवा फोडणीला घेतल्यावर हा फरक फारसा उरत नाही.

रंगावरून आणि कणांवरून दर्जा ठरवणे बरोबर नाही. गाईच्या तुपाचा पिवळेपणा कॅरोटिनमुळे येतो. म्हैस तेच कॅरोटिन जीवनसत्त्व अ मध्ये बदलून टाकते, म्हणून तिचे तूप पांढरट दिसते. तूप रवाळ होते ते मुख्यतः सावकाश थंड झाल्यामुळे. तेच तूप गरम असताना फ्रिजमध्ये ठेवले तर गुळगुळीत गोळा बनते.

विश्वासाच्या बाबतीत घरच्या तुपाला तोड नाही, कारण त्यात काय गेले ते आपणच पाहिलेले असते. विकतच्या तुपात किमान 99.5 टक्के दुधाचा स्निग्धांश असावा आणि ओलावा अर्ध्या टक्क्याहून अधिक नसावा, असे मानक आहे. अॅगमार्कचे चिन्ह, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असलेला नामवंत दूध संघाचा डबा घेतला तर फारशी चिंता करण्याचे कारण नाही. सुट्या, बिनलेबलाच्या आणि बाजारभावापेक्षा खूपच स्वस्त तुपापासून मात्र लांब राहावे. वनस्पती तुपाची भेसळ ओळखता यावी म्हणून आपल्याकडे वनस्पतीत तिळाचे तेल घालणे कायद्याने बंधनकारक केलेले आहे, आणि प्रयोगशाळेत ते तेल रंगाच्या चाचणीत उघडे पडते. तळहातावर वितळवून पाहण्यासारख्या घरगुती परीक्षांवर मात्र विसंबून राहू नये.

डब्यावरच्या दोन शब्दांविषयी सावध राहावे. पहिला शब्द ‘ए2’. ए1 आणि ए2 हा भेद दुधातल्या बीटा केसीन या प्रथिनाचा आहे, आणि तुपात प्रथिन जवळजवळ नसतेच. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये असे दावे काढून टाकण्यास सांगितले होते, पण काही दिवसांतच ती सूचना मागे घेतली. त्यामुळे हे डबे दुकानांत दिसतच राहिले आहेत. दुसरा शब्द ‘बिलोना’. दही लावून, घुसळून, लोणी कढवून केलेले तूप असा त्याचा अर्थ सांगितला जातो आणि त्यासाठी दुप्पट-तिप्पट दर घेतला जातो. आपल्याकडे सायीचे विरजण घुसळून करतात ते तूप याच पद्धतीच्या अगदी जवळचे आहे. तेव्हा ज्याला ही चव हवी आहे आणि ज्याच्या घरी जाड साय येते, त्याने तो डबा घेण्याआधी एकदा रवी हातात घ्यावी.

दर पाहताना आणखी एक बारकावा ध्यानात ठेवावा. एक लिटर तूप म्हणजे एक किलो तूप नव्हे. तूप पाण्यापेक्षा हलके असल्याने लिटरचा डबा सुमारे 900 ते 910 ग्रॅमचा भरतो. एका कंपनीचा लिटरचा आणि दुसरीचा किलोचा डबा शेजारी ठेवून किमतींची तुलना केली तर फसगत होते. 22 सप्टेंबर 2025 पासून तुपावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. त्यामुळे घरच्या आणि विकतच्या तुपातले पैशांचे अंतर आणखी थोडे कमी झाले आहे.

लोणी आणून कढवण्याचा मधला मार्ग

साय साठवायची नाही पण कढवलेल्या तुपाचा वास हवा, असे ज्यांना वाटते ते विकतचे लोणी आणून घरी कढवतात. बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश असतो. म्हणजे अर्धा किलो बटरचे सुमारे चारशे ग्रॅम तूप होते. बटरचा किलोचा दर 0.8 ने भागला की असे तूप काय भावाने पडते ते कळते, आणि भारतातल्या किरकोळ दरांत हा आकडा बहुतेक वेळा तयार तुपापेक्षा जास्तच निघतो. बिनमिठाचे लोणी घ्यावे. मिठाच्या बटरचेही तूप होते, पण मीठ बेरीत उतरते आणि ती खाता येत नाही.

अमेरिकेत किंवा इंग्लंडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी मात्र हाच मार्ग मुख्य ठरतो. तिथले दुकानातले दूध बहुतेक होमोजिनाइज्ड असते, त्यामुळे सायीची वाट पाहण्यात अर्थ नाही. उलट बिनमिठाचे बटर सहज मिळते. अमेरिकेतल्या एक पौंड, म्हणजे 454 ग्रॅमच्या पुड्यातून साडेतीनशे ग्रॅमच्या वर तूप निघते. भारतीय दुकानातल्या बरणीच्या दराशी ते ताडून पाहावे. कढवताना धूर ओळखणारा अलार्म वाजणार नाही इतकी आच मंद ठेवावी.

कोणी काय करावे

एकट्या-दुकट्याने राहणाऱ्या, अर्धा लिटर टोन्ड दूध घेणाऱ्या माणसाने तुपाची लहान बरणी आणावी आणि घरच्या तुपाच्या कौतुकाने स्वतःला अपराधी वाटून घेऊ नये. चार-पाच माणसांच्या, लिटर-दीड लिटर फुल क्रीम किंवा रतीबाचे म्हशीचे दूध येणाऱ्या आणि ताक पिणाऱ्या घराने तूप घरीच करावे. अशा घराला पैसे, चव, ताक आणि बेरी असे चार लाभ होतात. ताक कोणीच पीत नसेल, तर यातला एक लाभ मोरीत जातो आणि पारडे पुन्हा डब्याकडे झुकते.

ज्यांना वेळ आहे पण साय बेताचीच येते, त्यांनी दोन्ही ठेवावे, असे मी सुचवेन. पानावर वाढायला घरचे तूप, आणि भाजण्या-परतण्याला विकतचे. दिवाळीत बेसनाच्या लाडवांना एका वेळी अर्धा किलो तूप लागते. तेवढे महिनाभराच्या सायीतून काढून ठेवण्याचा हट्ट धरला, तर त्या महिन्यात भातावर काही उरत नाही. म्हणून फराळासाठी डबा आणावा आणि घरची बरणी वरणभातासाठी राखून ठेवावी.