हँडहेल्ड कन्सोल : काही महिन्यांचा वापर आणि एक डावी स्टिक

हँडहेल्ड कन्सोल, म्हणजे हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र, घ्यावा की घेऊ नये, असे कोणी विचारले की बहुतेक जण प्रोसेसर, रॅम आणि पडद्याच्या रिफ्रेश रेटवर बोलू लागतात. ही माहिती खोक्यावर छापलेलीच असते, त्यामुळे तिच्यावर मी वेळ घालवणार नाही. अंगठ्याखालची स्टिक, म्हणजे पात्र हलवण्याची छोटी दांडी, कोणत्या पद्धतीची आहे, ती बिघडली तर बदलता येते का आणि त्या बदलाचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे मात्र खोक्यावर कुठेही नसते. काही महिन्यांच्या वापरानंतर माझे या यंत्राबद्दलचे जवळजवळ सगळे मत या एका भागाभोवती फिरते आहे. ते प्रमाणाबाहेर आहे असे कोणाला वाटले तर खुशाल वाटो. पैसे माझे गेले आहेत.

माझे यंत्र संगणकाचे खेळ चालवणाऱ्या वर्गातले आहे. सुरुवातीला तक्रारीला जागाच नव्हती. मग मेनूमधली निवड आपोआप डावीकडे सरकू लागली. त्या खेळातच काही गडबड असेल असे धरून मी ते सोडून दिले. पण पुढे दुसऱ्याच एका खेळात नुसते उभे असलेले पात्र हळूहळू सरकत जाऊन कड्यावरून खाली पडले, तेव्हा सेटिंगमधले स्टिक तपासण्याचे पान उघडले. त्या पानावर एक वर्तुळ आणि त्यात एक ठिपका दिसतो. स्टिक सोडली की ठिपका मध्यभागी येऊन थांबायला हवा. डाव्या स्टिकचा ठिपका मध्याच्या किंचित अलीकडे थांबत होता आणि तिथेही थरथरत होता. उजव्या स्टिकचा मात्र खिळा ठोकल्यासारखा मध्यावर होता. दोन्ही स्टिक एकाच यंत्रातल्या आणि एकाच वयाच्या. फरक इतकाच, की चालणे-धावणे सगळे डाव्या अंगठ्याकडे असते.

यालाच ड्रिफ्ट म्हणतात आणि त्यामागचे कारण अगदी साधे आहे. प्रचलित स्टिकमध्ये आडव्या आणि उभ्या हालचालीसाठी एकेक छोटा पोटेन्शियोमीटर असतो. त्यात कार्बनच्या पातळ पट्टीवरून धातूची एक जीभ घासत सरकते आणि ती पट्टीवर कुठे टेकली आहे त्यानुसार व्होल्टेज बदलते. अंगठ्याची प्रत्येक हालचाल म्हणजे त्या पट्टीचे थोडे घासणे. स्टिक दर वेळी मध्यावर परत येत असल्याने मध्याजवळची पट्टी जास्त झिजते, झिजेची पूड तिथेच साचते आणि मग जीभ मध्यावर असतानाही व्होल्टेज मध्याचे राहत नाही. म्हणजे ज्या यंत्राचे काम अंगठ्याने सतत हलवले जाणे हेच आहे, त्यात हलवल्याने झिजणारा भाग मुद्दाम बसवलेला असतो.

याला पर्याय नाही असे नाही. हॉल सेन्सरच्या स्टिकमध्ये लहान चुंबक हलतो आणि सेन्सर स्पर्श न करता त्याची जागा ओळखतो, त्यामुळे घासणारी पट्टीच उरत नाही. ज्या परिणामावर हे चालते तो एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधला आणि सेगाच्या ड्रीमकास्ट या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये 1998 सालीच अशी स्टिक होती. लेनोवोने 2023 च्या लीजन गो या हँडहेल्डमध्येही ती दिली. तरीही बाजारातली बरीच नामांकित यंत्रे पोटेन्शियोमीटर सोडायला तयार नाहीत. निन्टेन्डो स्विच या हँडहेल्डच्या जॉय-कॉनचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या कंट्रोलरचा, ड्रिफ्ट इतका गाजला, की 2020 मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी भागधारकांच्या सभेत ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि 2023 पासून युरोपात या दोषाची दुरुस्ती वॉरंटी संपल्यावरही मोफत करून देण्याचे मान्य करण्यात आले. एवढे होऊनही 2025 च्या स्विच 2 मध्ये हॉल सेन्सर आलेला नाही. हॉलच्या स्टिकमध्येही स्प्रिंग सैल होऊ शकते आणि अधूनमधून कॅलिब्रेशन, म्हणजे मध्य पुन्हा ठरवून देणे, करावे लागते, हे मला मान्य आहे. पण स्प्रिंग सैल होणे आणि वाचनच खोटे होणे यांत पुष्कळ अंतर आहे.

पदरचे पैसे घालण्याआधी फुकटचे उपाय करून पाहिले. हवेचा फवारा मारला, थोडे कॉन्टॅक्ट क्लीनर सोडून स्टिक गोल गोल फिरवली, दोन्हींनी काही दिवसांपुरता आराम पडला. सगळ्यांच्या तोंडी असलेला उपाय म्हणजे डेडझोन वाढवणे, म्हणजे मध्याभोवतीच्या ठरावीक भागातली हालचाल यंत्राने मोजायचीच नाही. त्याने पात्र जागेवर थांबते, पण बारीक हालचालही त्याच्यासोबत जाते. दबकत चालणे जवळजवळ अशक्य होते. एक तर पात्र उभे राहते किंवा एकदम पावले टाकू लागते. गाड्यांच्या शर्यतीत हे फारच जाणवते, कारण तिथे वळणावर स्टिक किंचितच कलवायची असते. डेडझोन वाढवून दोष झाकता येतो, पण झाकण्याची किंमत प्रत्येक खेळात मोजावी लागते.

वॉरंटी शिल्लक असल्यामुळे यंत्र सर्व्हिस सेंटरला दिले आणि तिथून खरी कटकट सुरू झाली. जॉब कार्डावर ‘वापरामुळे झालेली झीज, वॉरंटीत बसत नाही’ असा शेरा मारून, यंत्राच्या मूळ किमतीचा चांगला मोठा हिस्सा होईल एवढा खर्च सांगण्यात आला. वॉरंटी कार्डाप्रमाणे यंत्र पडणे, पाण्यात भिजणे आणि अनधिकृत दुरुस्ती या गोष्टी वॉरंटीत बसत नव्हत्या. स्टिक अंगठ्याने हलवणे त्या यादीत नव्हते. मी हेच ईमेलवर लिहिले, वॉरंटीचे ते कलम शब्दशः उतरवले आणि नकार कोणत्या कलमाखाली दिला आहे ते लेखी कळवावे अशी मागणी केली. फोनवर मिळणारी उत्तरे दर वेळी वेगळी होती. लेखी उत्तर मात्र कोणालाच द्यायचे नव्हते. अखेर ‘विशेष बाब’ म्हणून दुरुस्ती मोफत झाली. अशा वादात पडणाऱ्याने फोनवर शक्ती वाया घालवू नये. यंत्र देण्याआधी तपासणीच्या पानाचा व्हिडिओ काढून ठेवावा, जॉब कार्डावर यंत्राची बाहेरची स्थिती लिहून घ्यावी आणि पुढचे सगळे संभाषण ईमेलवरच करावे.

यंत्र परत आले ते आतून कोरे होऊन. सेव्ह केलेले खेळ क्लाउडवर असतात असे आपण धरून चालतो, पण स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानावर, ही सोय त्या त्या खेळाच्या निर्मात्याने दिली असेल तरच मिळते, आणि स्विचवर तर सशुल्क ऑनलाइन सदस्यत्व नसेल तर सेव्ह यंत्राच्या अंतर्गत मेमरीतच राहतात. मायक्रोएसडी कार्ड काढून ठेवल्याने ते वाचत नाहीत. दुरुस्तीला देण्याआधी एकेक खेळ तपासून, क्लाउडची सोय नसलेल्यांच्या सेव्हची प्रत वेगळी काढणे हाच मार्ग आहे. ते काम मी आधीच केलेले होते. त्यात एक संध्याकाळ जाते, पण ती सत्कारणी लागते.

दुरुस्तीच्या काळात हे यंत्र परत आल्याबरोबर विकून टाकायचे असे माझे पक्के ठरले होते. मत बदलले ते यंत्र हाताशी नसल्यामुळेच. मोठा पडदा, चांगला संगणक, सगळे समोर असूनही मी त्या काळात जवळजवळ काहीच खेळलो नाही. याचे कारण झोपेचे बटण. व्हॉल्व्हच्या स्टीमओएस या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या यंत्रावर किंवा स्विचवर एक बटण दाबले की खेळ आहे त्या क्षणी गोठतो आणि पुन्हा दाबले की काही सेकंदांत तिथूनच पुढे सुरू होतो. संगणक लावा, खेळ सुरू होण्याची वाट पाहा, शेवटच्या सेव्हपर्यंत मागे जा, हा सगळा व्याप अर्ध्या तासाच्या सवडीत बसत नाही. मोठमोठे, महिनोन्महिने रखडलेले खेळ माझ्याकडून पुरे झाले ते केवळ या बटणामुळे, आणि हे श्रेय ना प्रोसेसरला जाते ना पडद्याला. म्हणून यंत्र विकले नाही.

विंडोजवर चालणाऱ्या हँडहेल्डमध्ये नेमकी हीच गोष्ट बेभरवशाची असते. झोपवलेले यंत्र बॅगेत आपोआप जागे होऊन गरम होते आणि बॅटरी संपवून टाकते, ही त्या वर्गाची जुनीच तक्रार आहे. उलट बाजू अशी, की स्टीमओएस लिनक्सवर आधारलेली असल्याने कडक अँटी-चीट, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारी यंत्रणा, असलेले काही ऑनलाइन खेळ तिच्यावर चालतच नाहीत. ज्याचा जीव अशा एखाद्याच खेळात अडकला आहे त्याला झोपेच्या बटणाचा उपयोगही नाही, कारण यंत्र झोपवले की ऑनलाइन जोडणी तुटते. बाकीच्यांनी विंडोजच्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे. लेनोवोनेच 2025 मध्ये लीजन गो एसची स्टीमओएसवाली आवृत्ती काढली, यावरून वारे कुठे वाहते आहे ते दिसते.

बॅटरीबद्दल जाहिरातीतले तास वाचण्यापेक्षा भागाकार करावा. व्हॉल्व्हच्या मूळ स्टीम डेक या हँडहेल्डची बॅटरी 40 वॅट-तासांची आहे. भारी खेळात चिप, पडदा, पंखा मिळून 20 ते 25 वॅट लागत असतील तर दोन तास हीच कमाल मर्यादा. हलका द्विमितीय खेळ 8 वॅटवर चालला तर पाच तास. व्हॉल्व्ह स्वतः 2 ते 8 तास असे सांगते, त्या दोन टोकांमधले अंतर यामुळेच आहे. काटकसरीचा उत्तम उपाय म्हणजे पडदा 40 हर्ट्झवर आणून खेळही सेकंदाला 40 फ्रेमवर, म्हणजे 40 चित्रांवर, बांधणे. 30 फ्रेमला प्रत्येक चित्र 33.3 मिलिसेकंद टिकते आणि 60 ला 16.7, 40 ला ते 25, म्हणजे बरोबर मधोमध येते. डोळ्यांना खेळ 30 पेक्षा बराच सफाईदार वाटतो आणि वीज 60 च्या मानाने बरीच वाचते. मी आता जवळजवळ सगळे खेळ असेच चालवतो.

वजनाचा विचार दुकानात उभे राहून करता येत नाही. स्विच लाइट 275 ग्रॅम, मूळ स्टीम डेक 669 ग्रॅम. आडवे पडून, यंत्र चेहऱ्यावर धरून खेळण्याची सवय असलेल्याला हा फरक मनगटात कळतो.

खेळांवरचा खर्च हा यंत्राच्या किमतीपेक्षा मोठा विषय आहे. संगणकावर आधीच स्टीमचा मोठा संग्रह असेल तर तोच संग्रह हँडहेल्डवर विनाखर्च येतो, आणि सवलतीच्या काळात घेऊन न उघडलेले खेळ अशा प्रत्येकाकडे असतात. ते संपवण्यासाठी यंत्र घेणे मला पटते. स्विचवर पहिल्यापासून सुरुवात करायची असेल तर खेळ महाग पडतात, पण कार्ट्रिजवरचा खेळ पुरा झाल्यावर विकता येतो, ही सोय डिजिटल खरेदीत नाही. ऑक्टोबर 2024 पासून स्टीमही खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगते, की आपण खेळाचा परवाना घेत आहोत. निन्टेन्डो 3डीएसचे ऑनलाइन दुकान 27 मार्च 2023 रोजी बंद झाले. घेतलेले खेळ पुन्हा उतरवता येत होते, नवीन खरेदी मात्र संपली. स्विच 2 च्या काही खेळांच्या कार्डावर खेळ नसून फक्त त्याची किल्ली असते आणि खेळ इंटरनेटवरून उतरवावा लागतो, त्यामुळे कार्ड विकत घेण्याआधी त्याच्या वेष्टनावरची सूचना वाचावी.

ज्याच्याकडे जुना संग्रह नाही, सलग वेळ आहे आणि संगणक चांगला आहे, त्याने यंत्र घेण्याचे काही कारण मला दिसत नाही. ज्याची सवड तुकड्यातुकड्यांत मिळते त्याने जरूर घ्यावे, मात्र स्टिक बदलता येण्याजोगी असलेलेच घ्यावे. स्टीम डेकची स्टिक स्क्रू काढून आणि जोडणी सोडवून बदलता येते, सुटे भाग 2022 पासून आयफिक्सिट या दुरुस्तीच्या संकेतस्थळावर मिळतात आणि गुलिकिटसारख्या कंपन्यांच्या हॉल सेन्सरच्या स्टिकही तिच्यात बसतात. ज्या यंत्रात स्टिक बोर्डावर डाग देऊन जोडलेली असते, तिथे सोल्डरिंग जमणारा माणूस शोधावा लागतो. वाढीव वॉरंटीवर मी पैसे खर्च केलेले नाहीत, कारण ‘झीज’ या शब्दापुढे तिचा टिकाव लागेल असे तिच्या अटी वाचून वाटले नाही. तेवढ्या पैशात हॉलच्या स्टिकची जोडी येते.

जुने यंत्र घेणाऱ्याने विकणाऱ्यासमोरच तपासणीचे पान उघडावे. डेडझोन आधी शून्यावर आणावा, कारण ड्रिफ्ट लपवण्यासाठी तो वाढवून ठेवलेला असू शकतो. मग दोन्ही स्टिक चारी दिशांना कडेपर्यंत नेऊन एकदम सोडाव्यात, आणि ठिपका दर वेळी त्याच जागी थांबतो का ते पाहावे. पैसे देण्याआधी यंत्र रीसेट करून, आधीच्या मालकाचे खाते काढले गेले आहे आणि आपले खाते त्यावर सुरू होते आहे, याचीही खात्री करून घ्यावी.